विसाव्याची जागा

माझं माहेर इंद्रायणीच्या उत्तरेकडच्या काठाला आहे. नदीच्या वरच्या अंगाला देहू, पाठीमागं चाकण, आणि समोर पाण्यापलीकडं पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारती. संध्याकाळी तिकडचे दिवे लागले की आमच्याकडची पोरं गच्चीवर चढून त्यांचे फोटो काढतात. तिकडून आमचा फोटो कोणी काढत असेल असं मला वाटत नाही.

गावाला सांगण्यासारखा इतिहास नाही. लढाई झाली नाही, संत जन्मला नाही. कुठल्या राजानं इथं मुक्काम केला होता अशी थापसुद्धा आमच्या म्हाताऱ्यांना मारता आली नाही. वेस, मारुतीचं देऊळ, चावडी, आणि वेशीपासून नदीपर्यंत शेतं. घरं उभी असतात ती पांढरी आणि पिकं येतात ती काळी, एवढा भूगोल आम्हाला शाळेत जायच्या आधी येत होता. शेताच्या प्रत्येक तुकड्याला नाव होतं. वेशीला लागून चिंचपट्टी, मग आमची खडकी, पुढं खोलगट लवण आणि नदीकाठची मळई. ही नावं कुठं लिहिलेली नव्हती, पण सोयरीक जमवताना सुद्धा माणसं विचारायची, पोराची जमीन लवणात आहे की मळईत. लवणात असली तर पोरीची आई जरा गप्प व्हायची, कारण लवणात पाणी तुंबायचं.

ह्या सगळ्यातून एक पायवाट नदीकडं जायची. वेशीतून निघून चिंचपट्टीच्या कडेनं, आमच्या खडकीच्या बांधावरून, लवणात उतरून थेट घाटावर. त्या वाटेनं कामाशिवाय कोणी जायचं नाही. ती मसणवाट होती. तिच्या साधारण मध्यावर, आमच्या बांधाला, करंजाच्या झाडाखाली एक सपाट जागा होती. तो विसावा. घरातून निघालेली तिरडी तिथं एकदा जमिनीला टेकवायची. पुढचे खांदेकरी मागं जायचे, मागचे पुढं यायचे, आणि मग उचलायची. बायका विसाव्यापर्यंत येत आणि तिथून माघारी फिरत. घाटावर फक्त पुरुष जायचे. सगळ्यांच्या पुढं चालायचा थोरला मुलगा, हातात घरच्या चुलीतल्या विस्तवाचं मडकं घेऊन. त्याच विस्तवानं पुढं अग्नी द्यायचा.

लहानपणी आईचं बोट धरून मी विसाव्यापर्यंत गेलेली आहे. मला वाटायचं, तिथं टेकवल्यावर मेलेलं माणूस जरा उठून बसत असेल, पाणी मागत असेल, मागं घराकडं बघून घेत असेल. आईला विचारलं तर तिनं पाठीत धपाटा घातला. असलं बोलायचं नसतं. आमच्या गावात मरणाबद्दल बोलायचं नसे. वास्तू तथास्तु म्हणत असते, हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी ऐकायचे. कोणी ताप आला म्हणालं तरी समोरचा म्हणायचा, अंग जरा कोमट आहे म्हण.

ह्या सवयीनं आमचा घात केला. तो कसा, ते सांगते.

जमिनी कारखान्यांसाठी जाणार हे ठरलं तेव्हा गावात पाहणीला साहेब आले. योगायोग असा की ते आले त्या दिवशी आमच्या घरी माझी हळद होती. दारात मांडव, घाणा भरून झालेला, मी पिवळी होऊन पाटावर बसलेले. आबा, म्हणजे माझे वडील, यांचे चार शब्द गावात ऐकले जायचे. म्हणून साहेबांना मांडवातच खुर्ची दिली, चहा दिला आणि सगळा गाव भोवती गोळा झाला. साहेब बरे होते. ते म्हणाले, "विहिरी, झाडं, गोठे, देवळं, वहिवाटीचे रस्ते, जे असेल ते आत्ता सांगा. नंतर आलात तर माझ्या हातात काही नसतं."

मग काय, लोकांनी सांगायला सुरुवात केली. बुजलेल्या विहिरी सांगितल्या. बांधावरचे दगड देव म्हणून सांगितले. मागच्या आठवड्यात घाईघाईनं खोचलेली रोपं आमराई म्हणून सांगितली. साहेब हसत होते आणि लिहून घेत होते. शेवटी त्यांनी आबांना विचारलं, "ह्या खडकीतून नदीकडं वाट आहे का? लोकांची जायची-यायची?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मला ते बघणं अजून आठवतं. अंगाला हळद लागलेली लेक समोर बसली आहे आणि बापानं तोंडातून मसणवाट हा शब्द काढायचा.

"न्हाई साहेब," आबा म्हणाले. "शेतातनं कसली आलीया वाट?"

गोळा झालेल्या माणसांपैकी कोणीही तोंड उघडलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि लग्नघरी ते बोलायची कोणाचीच छाती नव्हती. कोणी बोललाच असता तर माझ्या आत्यांनी त्याला मांडवाबाहेर काढलं असतं.

बोलला तो एकच माणूस. बौद्धवस्तीतले एक काका, पिंपरीच्या कारखान्यात कामाला, युनियनमध्ये वावरलेले. त्यांच्या वस्तीचं स्मशान पूर्वीच्या लोकांनी ओढ्यापलीकडं लांब ठेवलं होतं, आणि तिकडची वाटही वेगळी होती. ते पुढं होऊन म्हणाले, "आमची वाट लिहा साहेब. ओढ्याच्या कडेनं जाती. मयताची वाट हाय, ती अडता कामा नये."

बायकांमध्ये कुजबुज झाली. माझी चुलती पदर सावरत म्हणाली, "अवो, दिवस तरी बघून बोला की!"

काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, मरण काय तुमची हळद वाळायची वाट बघतंय व्हय?"

त्यांची वाट आज आहे. तिच्यावर काँक्रीट पडलंय, दिवे लागलेत. आमची गेली. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही म्हणतात, ते आम्ही मांडवात बसून करून दाखवलं.

माझं लग्न झालं, मी चाकणला नांदायला गेले. पुढं काही वर्षं शेतं नुसतीच पडून होती. मग एका उन्हाळ्यात खडकीभोवती भिंत उठली. भिंतीचं कोणाला काही वाटलं नाही. पैसे मिळालेले होते, गावात खोल्या बांधायची धांदल चालली होती. आणि मग गावातला एक म्हातारा सुतार वारला.

मी त्या दिवशी माहेरी होते. तिरडी नेहमीसारखी वेशीतून निघाली, चिंचपट्टीच्या कडेनं गेली, आणि भिंतीपाशी थांबली. पुढचे थांबले ते मागच्यांना कळलं नाही, ते ढकलतच होते. सुताराचा मुलगा हातात मडकं घेऊन भिंतीकडं बघत उभा. एकजण म्हणाला, फाटक कुठं असेल बघा. दोघं भिंतीच्या कडेनं पळत गेले आणि तसेच परत आले. फाटक असणार कुठून? वाटच नाही असं आम्हीच सांगितलेलं. शेवटी तिरडी माघारी वळवली. घरातून निघालेलं मयत परत वेशीत यावं ह्याहून मोठं अभद्र आमच्याकडं नाही. लोकांनी धडाधड दारं लावून घेतली. मग मोठ्या रस्त्यानं, कंटेनरच्या रांगेतून, लांबचा वळसा घालून सुताराला घाटावर नेलं.

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. ओट्यावर बसून स्वतःशीच बोलत होते. "माझ्या तोंडाला कुणी कुलूप घातलं व्हतं?" आई म्हणाली, एकट्या तुमच्या तोंडाला नव्हतं, गावाच्या होतं. ते खरं होतं. पण विचारलं होतं आबांना.

त्यानंतर गावात कोणी गेलं की टेम्पो येऊ लागला, नंतर शववाहिनी. विसावा बंद झाला. बायका आता घराच्या दारातूनच माघारी फिरतात, म्हणजे कुठं जातच नाहीत. बाकी गावाचं चांगलंच झालं म्हणायचं. ज्याच्या-त्याच्या घरावर मजले चढले, खोल्याखोल्यांत लातूर-बीडची, नांदेडची, बिहारची माणसं राहायला आली. सकाळी पाण्याच्या टँकरमागं जी पळापळ होते ती बघून गाव जिवंत आहे हे पटतं. नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा आणि त्याखाली फेस. मळईत शेवटची काकडी कोणी लावली ते आठवत नाही.

मलाही कामाला लागावं लागलं. नवऱ्याच्या पाठीचं दुखणं वाढलं आणि घरात एक पगार पुरेना. काम कुठं मिळालं, तर त्याच भिंतीच्या आत. आम्ही गाड्यांचे बंपर बनवतो आणि रंगवतो. मी तपासणीला आहे. झगझगीत दिव्यांखाली उभं राहायचं आणि रंगात धूळ बसली का, ओघळ आलाय का बघायचं. आठवडा पहिली शिफ्ट, आठवडा दुसरी. पायाच्या शिरा सुजून वर आल्यात आणि डोळ्यांपुढं घरी गेल्यावरही चकाकत राहतं. बापाच्या शेतात कामाला जाते, असं मी मैत्रिणींना चेष्टेत म्हणते. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्या हसल्या होत्या.

विसाव्याची जागा मी तिथं शोधून काढली होती. करंज केव्हाच तोडलेला, चढउतार भरून सगळं एकसारखं केलेलं. पण आबांनी मला लहानपणी खूण सांगितली होती. मारुतीचा कळस नाकासमोर धरायचा आणि देहूकडचा भंडाऱ्याचा डोंगर बरोबर पाठीला घ्यायचा, बांधावर असं जिथं उभं राहता येईल तो विसावा. कारखान्याच्या मागच्या अंगणात, तयार मालाच्या शेडबाहेर, फोर्कलिफ्टच्या रस्त्याला लागून ती जागा येते. भिंतीवरून कळसाचं टोक तेवढं दिसतं.

आबा दर खेपेला विचारायचे. "काय ठिवलंय गं तिथं?"

"बंपर."

"म्हंजी काय?"

"गाडीचं नाक, आबा."

"बरं," ते म्हणायचे. थोड्या वेळानं पुन्हा म्हणायचे, "पर जागा हाय न्हवं?"

"आहे की. जागा कुठं जाणार?"

मग आई गेली. कोरडा खोकला म्हणता म्हणता गेली. शववाहिनी आली, आबा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, बाकीचे मागं. मी दारात. भाऊ मडकं घेऊन कोणाच्या तरी दुचाकीवर. चौकात कुठला तरी ट्रेलर आडवा झाला होता. पहिली शिफ्ट सुटलेली, कंपन्यांच्या बसेस एकामागं एक, आणि मध्ये आईची गाडी हॉर्न वाजवत उभी. पुष्कळ वेळ उभी होती म्हणे. घाटावरून परत आल्यावर गावातलाच एकजण आबांची समजूत काढायला म्हणाला, "चौकात एवढी थांबली की गाडी, झाला तिचा विसावा. मनाला लावून घेऊ नका."

आबांना मी आयुष्यात एवढं चिडलेलं बघितलं नव्हतं. "चाकावर व्हती ती," ते ओरडले. "चाकावर! जिमिनीला कुठं टेकली?"

तेव्हापासून त्यांनी एकच धरलं. त्यांचं काही चांगलंवाईट झालं तर वाटेनं न्यायचं, खांद्यावर न्यायचं आणि विसाव्याला टेकवायचं. "तिचं ऱ्हायलं," ते म्हणायचे. "माझ्यापायी ऱ्हायलं. निदान माझं तरी नीट करा, म्हंजी वर तिला तोंड दाखवाया येईल." आधी वर्षातून एकदा म्हणायचे, मग सणासुदीला, आणि अंथरूण धरल्यावर रोज. मी सुट्टीच्या दिवशी जायचे, त्यांचे पाय चेपायचे, आणि तेच ऐकून यायचे. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. शिफ्ट, घर, नवऱ्याची पाठ, आणि त्यात हे. मेल्यावर काय करायचं ते जिवंतपणी किती ऐकायचं? भाऊ म्हणायचा, "आक्का, तू आत हायेस, तूच विचार की." आत आहे म्हणजे काय, तर गळ्यात कार्ड आहे. कंपनी आपल्याला ओळखते असं बाहेरच्यांना वाटतं. आतल्यांना बरोबर माहीत असतं.

तरी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत एचआरच्या साहेबाकडं गेले. तरुण माणूस, रावेतला राहणारा, बोलायला गोड. मी सगळं सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "ताई, नेमकी तारीख सांगाल का? गेटपास तारखेवर निघतो."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हसू आलं. बाप घरात श्वास घेतोय आणि मी टेबलाच्या अलीकडं उभी राहून त्याची तारीख ठरवणार. पण मी बोलले. जे न बोलल्यापायी वाट गेली ते मी तोंडातून काढलं. "साहेब, आबा मेल्यावर," मी म्हणाले. "ते मरतील त्या दिवशी." वास्तूनं तथास्तु म्हटलं असेल तर ते माझ्या नावावर, असंही वाटून गेलं.

त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "वरती विचारतो." वरती विचारायला बरेच आठवडे लागले. मध्ये मी दोनतीनदा आठवण केली. प्रत्येक वेळी त्याच टेबलापाशी उभं राहून बापाच्या मरणाची आठवण करून द्यायची आणि पुन्हा लाइनवर जाऊन रंगातली धूळ बघायची. मला स्वतःची किळस यायची. घरी आबा विचारायचे, "काय म्हणलं गं सायब?" मी म्हणायचे, "बघतो म्हणालेत."

शेवटी परवानगी मिळाली. कंपनी चांगली वागली हे सांगितलं पाहिजे. गावाकडचं लहान गेट उघडणार, आतून नेऊन नदीकडच्या गेटनं बाहेर काढणार, सिक्युरिटी सोबत राहणार. पण अटी होत्या. मोजकीच माणसं. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट. कंपनीची एक व्यक्ती पूर्ण वेळ पुढं चालणार, ती मीच. आणि विस्तव आत आणायचा नाही. पलीकडच्याच शेडमध्ये रंगाचं काम चालतं, थिनरचे पिंप भरलेले असतात. काडेपेटीसुद्धा आम्ही गेटवर काढून ठेवतो. ही अट मला लगेच पटली, आणि पटली म्हणूनच जास्त वाईट वाटलं. मडकं घेऊन बापाच्या पुढं चालणारा मुलगा बापाबरोबर असणार नव्हता. त्यानं मोठ्या रस्त्यानं जायचं.

मी आबांना सांगितलं. विस्तवाचंही सांगितलं. "त्याला म्हणावं, रस्त्यानं जपून जा," ते म्हणाले. "कंटेनरवाले बगत न्हाईत."

गेल्या हिवाळ्यात, एका सकाळी, भावाची बायको चहा घेऊन गेली तेव्हा ते गेलेले होते. मी एचआरच्या त्या साहेबाला फोन केला. त्यानं एवढंच विचारलं, "आज का, ताई?" मी म्हटलं, "आज."

दुपारी तिरडी निघाली. वेशीबाहेर दोन वाटा झाल्या. भाऊ मडकं घेऊन, एक चुलतभाऊ सोबतीला घेऊन, मोठ्या रस्त्याला लागला. जाताना तो वळून वळून बघत होता. आम्ही भिंतीच्या गेटकडं गेलो. सिक्युरिटीचे हवालदार, फौजेतून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे गृहस्थ, हेल्मेटं घेऊन उभेच होते. खांदेकऱ्यांच्या पायात काही नव्हतं, आणि आमच्याकडं सेफ्टी शूजशिवाय अंगणात पाऊल टाकू देत नाहीत. हवालदारांनी त्या अनवाणी पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "चालू द्या." पांढऱ्या कपड्यांवर पिवळी हेल्मेटं घातलेली ती माणसं बघून मला भलत्या वेळी हसू फुटेल अशी भीती वाटली. आबांनी बघितलं असतं तर ते नक्की हसले असते.

पिवळ्या पट्ट्यांमधून मी पुढं चालत होते. गळ्यात कार्ड, हात रिकामे. माझ्या मागं गावाच्या बायका नव्हत्या, त्यांची नावं परवानगीत बसली नव्हती. एक फोर्कलिफ्ट थांबली, चालवणारा खाली उतरून बाजूला उभा राहिला. शेडच्या दारात आमच्या लाइनवरच्या पोरी आल्या होत्या. आतल्या मशिनींचा आवाज तेवढा चालू होता, तो काही कोणासाठी थांबत नाही.

मालाचे स्टँड विसाव्याच्या जागेला अगदी चिकटून लावलेले होते. मी कळस बघितला, मागं वळून डोंगर बघितला, हात पसरून जागा दाखवली. "इथं."

टेकवली. माणसांनी जागा बदलल्या, पुढचे मागं, मागचे पुढं. माझे थोरले चुलते, सत्तरी ओलांडलेले, खांदा सोडायला तयार नव्हते, ते नुसतेच बाजूनं फिरून पुढं आले. हवालदार हळूच म्हणाले, "ताई, गाडी लोडिंगला लागायची आहे, उरकून घ्या." त्यांचंही बरोबर होतं. खांदेकऱ्यांनी वाकून तिरडी उचलली आणि नदीकडच्या गेटाकडं पहिलं पाऊल टाकलं.

त्या वेळी मला आबांचं बोलणं ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. मला काही ऐकू आलं नाही. मला फक्त दिसलं की ते निघाले, आणि ह्यापुढं हे गेट माझ्यासाठी पुन्हा उघडायचं काही कारण उरलेलं नाही.

"थांबा," मी म्हणाले. "परत टेकवा."

सगळे थबकले. मागच्यांपैकी एकजण म्हणाला, "आक्का, दोनदा टेकवत नसत्यात. अभद्र असतं."

"काय ऱ्हायलं का?" चुलत्यांनी विचारलं.

"आईचं," मी म्हणाले.

चौकात अडकलेल्या त्या गाडीत चुलतेही होते. त्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट एका बाजूला कललं होतं आणि खालून घाम गळत होता.

"आता काय अभद्र व्हायचं ऱ्हायलंय?" ते म्हणाले. "टेकवा रं. हळू टेकवा, बाईमाणूस हाय."

ते वाकले. हवालदारांनी घड्याळाचा हात पाठीमागं नेला. बांबू काँक्रीटला लागल्याचा आवाज आला, बारीकच, पण मला ऐकू आला.